ऋण काढून खेळ

महाविद्यालयांत नव्यानें प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं शुल्काची जी पावती पडते, तींत शिकवणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा अशा रकमांच्या रांगेंत एक लहानशी रक्कम 'जिमखाना' या नांवानें मांडलेली असते. छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, पालक ती पावती वाचतांना या रकमेपाशीं फारसे थांबत नाहींत. मुलगा मैदानावर जावो वा न जावो, ती भरावीच लागते. आणि ती थोडी असल्यामुळें तिच्याविषयीं तक्रारही होत नाहीं. तथापि खेळाचा खर्च कोणीं सोसावा, खेळणाऱ्यानें, पाहणाऱ्यानें, कीं जो खेळतही नाहीं आणि पाहतही नाहीं त्यानें, हा एक जुना आणि मोठा प्रश्न या लहानशा रकमेंत दडलेला आहे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला आहे. तेथील मोठ्या विद्यापीठांत खेळाचें खातें हें एक स्वतंत्र संस्थानच असतें. त्याचा जमाखर्च निराळा, त्याचे अधिकारी निराळे, आणि अनेक ठिकाणीं त्याचें कर्जही निराळें. लाख लाख माणसें बसतील अशीं क्रीडागृहें या खात्यांनीं बांधलीं. आणि तरीही त्यांतील बहुतेक खातीं स्वतःच्या कमाईवर जगूं शकत नाहींत. ऋण काढून सण करूं नये अशी शिकवण आपल्या घराघरांतून दिली जाते. ऋण काढून खेळ केल्यास काय होतें, तें या इतिहासावरून पाहण्यासारखें आहे.

प्रारंभ अगदीं साधा होता. ३ ऑगस्ट १८५२ रोजीं न्यू हॅम्पशायर राज्यांतील विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांत नौकांची शर्यत झाली. अमेरिकेंतील दोन महाविद्यालयांमधील ही पहिली स्पर्धा समजली जाते. परंतु ही शर्यत भरविण्याची कल्पना कोणा प्राध्यापकाची नव्हती. त्या भागांत नव्यानें झालेल्या रेल्वे-कंपनीला उतारू हवे होते. शर्यत पाहण्यास लोक येतील, त्यांना गाडीचें तिकीट काढावें लागेल, या हिशेबानें कंपनीनें विद्यार्थ्यांचा जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च उचलला. हार्वर्डनें शर्यत जिंकली. कंपनीला उतारू मिळाले. महाविद्यालयीन खेळ आणि व्यापार यांची सोयरीक अशी पहिल्याच दिवशीं जुळली.

पुढें ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी राज्यांत रटगर्स व प्रिन्स्टन यांचा फुटबॉलचा पहिला सामना झाला, आणि रटगर्सनें तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. त्या काळीं खेळाची व्यवस्था सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या हातीं असे. आपसांत वर्गणी काढावी, चेंडू आणावा, प्रवासाचा खर्च वांटून घ्यावा, इतकाच तो व्यवहार होता. जितकी वर्गणी तितका खेळ. त्यामुळें कर्जाला तेथें जागाच नव्हती.

हा व्यवहार बदलला तो प्रेक्षकांमुळें. १८८० नंतर न्यूयॉर्क शहरांत होणाऱ्या सामन्यांना हजारों लोक तिकिटें काढून जाऊं लागले. येल विद्यापीठांत वॉल्टर कँप या गृहस्थांनीं खेळाची सारी सूत्रें आपल्या हातीं घेतलीं. ते घड्याळें बनविणाऱ्या एका कंपनीचे अधिकारी होते आणि हिशेबांत वाकबगार होते. फुटबॉलच्या तिकिटांतून येणारा पैसा त्यांनीं इतक्या काटकसरीनें सांभाळला कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या खात्याची शिल्लक सुमारें एक लक्ष डॉलरवर गेल्याचें उघडकीस आलें. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनाही या गंगाजळीची कल्पना नव्हती. त्याच सुमारास हार्वर्डनें काँक्रीटचें भव्य क्रीडागृह उभारलें. तें १९०३ सालीं खुलें झालें. १८७९ सालीं पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनीं त्यासाठीं एक लक्ष डॉलरची देणगी दिली, आणि उरलेला खर्च खेळाच्या उत्पन्नांतून भागविण्यांत आला.

देणगी आणि गांठीशीं असलेला पैसा यांवर बांधलेली वास्तु कोणाच्या डोक्यावर बसत नाहीं. परंतु हार्वर्डचें क्रीडागृह पाहिल्यावर इतर विद्यापीठांना तसेंच, किंबहुना त्याहून मोठें, आपल्या दारीं असावें असें वाटूं लागलें. येलनें १९१४ सालीं सुमारें सत्तर हजार प्रेक्षकांचें क्रीडागृह बांधलें. पहिलें महायुद्ध संपल्यावर तर या चढाओढीला ऊत आला. ज्यांच्याजवळ देणगीदार होते त्यांनीं देणग्या मिळविल्या. इतरांनीं कर्जाचा मार्ग धरला.

या मार्गाचें एक प्रसिद्ध उदाहरण मिशिगन विद्यापीठाचें आहे. तेथील क्रीडाप्रमुख फील्डिंग योस्ट यांनीं पांचशें डॉलरचा एक, असे तीन हजार कर्जरोखे विक्रीस काढले. व्याज होतें शेंकडा तीन. एवढ्या अल्प व्याजावर लोकांनीं पैसे कां द्यावे? यासाठीं योस्ट यांनीं एक युक्ति केली. जो रोखा घेईल त्याला दहा वर्षेंपर्यंत मैदानाच्या मध्यभागालगतच्या आसनांचीं तिकिटें विकत घेण्याचा हक्क मिळेल, अशी हमी त्यांनीं दिली. व्याजाची उणीव आसनानें भरून काढली. साडेनऊ लक्ष डॉलर खर्चाचें, बहात्तर हजार आसनांचें हें क्रीडागृह १९२७ सालीं पुरें झालें. पुढें केव्हांतरी येथें लाखावर माणसें बसतील असें मानून योस्ट यांनीं पायाही तितकाच भक्कम घालून ठेवला होता. त्यांचें हें भाकित खरें ठरलें. आज तेथें एक लक्षाहून अधिक प्रेक्षक बसतात.

पण योस्ट यांचें भाकित खरें ठरलें म्हणून सर्वांचेंच ठरेल असें नाहीं. कर्ज काढून बांधलेल्या क्रीडागृहाचा हिशेब एका गृहीतावर उभा असतो: आपला संघ जिंकत राहील आणि प्रेक्षक येत राहतील. संघाचें जिंकणें अनिश्चित असतें. व्याजाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशीं येतो. सामन्यांत एक पक्ष जिंकला म्हणजे दुसरा हरलाच पाहिजे. तेव्हां सर्वच विद्यापीठांनीं विजयाच्या भरंवशावर कर्ज काढलें तर त्यांतील निम्म्यांचा हिशेब चुकणार, हें सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाहीं.

धोक्याची सूचना वेळेवर मिळाली होती. कार्नेगी प्रतिष्ठानानें शंभराहून अधिक महाविद्यालयांची पाहणी करवून १९२९ च्या ऑक्टोबरांत आपला अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडूंना आडमार्गानें पैसा देऊन आपल्याकडे ओढण्याची चाल बहुसंख्य संस्थांत असल्याचें त्यांत सप्रमाण दाखविलें होतें. आणि विद्येचें मंदिर हें करमणुकीचा धंदा चालविण्याचें स्थान नव्हे, असा त्याचा एकंदर रोख होता. दैवयोग असा कीं, त्याच आठवड्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळूं लागला. मंदी आली, प्रेक्षक ओसरले, आणि क्रीडागृहांचीं कर्जें जाचूं लागलीं.

या वेळीं एका विद्यापीठानें निराळी वाट धरली, आणि ती कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शिकागो विद्यापीठानें १८९२ सालीं अमॉस अलॉन्झो स्टॅग यांना नेमून फुटबॉलचा पाया घातला होता, व काहीं काळ तेथील संघ देशांत अग्रगण्य गणला जात होता. पुढें रॉबर्ट हचिन्स हे तरुण विद्वान विद्यापीठाचे प्रमुख झाले. विद्यापीठाचें कार्य विद्या हें आहे, आणि खेळाचा तमाशा त्या कार्याला बाधक आहे, असें त्यांचें स्पष्ट मत होतें. १९३९ च्या हंगामांत शिकागोचा संघ मिशिगनकडून पंचाऐंशी विरुद्ध शून्य असा हरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विद्यापीठानें आपला फुटबॉल-संघ मोडून टाकला. पुष्कळ माजी विद्यार्थी संतापले. देणग्या आटतील अशी भीति घालण्यांत आली. हचिन्स डगमगले नाहींत.

रिकाम्या पडलेल्या त्या क्रीडागृहाचें पुढें काय झालें? त्याच्या पश्चिमेकडील बैठकींखालीं रॅकेटच्या खेळासाठीं बांधलेली एक बंदिस्त जागा होती. त्या जागेंत एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी यांनीं २ डिसेंबर १९४२ रोजीं मानवाच्या इतिहासांतील पहिली नियंत्रित अणु-शृंखलाक्रिया घडवून आणली. कालांतरानें बैठकी पाडण्यांत आल्या आणि त्या जमिनीवर विद्यापीठाचें प्रचंड ग्रंथालय उभें राहिलें. तें १९७० सालीं उघडलें. फुटबॉलही १९६९ सालीं परत आला, पण खेळाडूंना खेळासाठीं शिष्यवृत्ति न देतां, विद्यार्थ्यांचा खेळ म्हणून. विद्यापीठाची कीर्ति या सर्व काळांत कमी झाली नाहीं.

शिकागोचें अनुकरण मात्र थोड्यांनींच केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर उलट दिशेनें वारा वाहूं लागला. १९५६ पासून खेळाडूंना केवळ खेळातील नैपुण्याबद्दल शिष्यवृत्ति देण्यास उघड मान्यता मिळाली. दूरचित्रवाणी आली. आरंभीं सामन्यांच्या प्रक्षेपणाचा हक्क महाविद्यालयांच्या मध्यवर्ती संघटनेनें आपल्याकडे ठेवून त्यावर मर्यादा घातली होती. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मक्ता मोडला. आणि जो तो आपले सामने स्वतंत्रपणें विकूं लागला. मोठ्या विद्यापीठांच्या एका गटानें २०२२ सालीं सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठीं केलेला करार सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा असल्याचें सांगितलें जातें.

एवढा पैसा आल्यावर कर्जें फिटलीं असतील, असें कोणासही वाटेल. झालें तें उलट. २०१९ सालीं पहिल्या श्रेणीच्या फुटबॉलमधील सुमारें १३० विद्यापीठांपैकीं केवळ २५ विद्यापीठांच्या क्रीडाखात्यांचें स्वतःचें उत्पन्न खर्चाहून अधिक होतें. याचें कारण या व्यवहाराच्या घडणींतच आहे. दुकानदाराला नफा घरीं नेतां येतो, म्हणून तो खर्चाला आळा घालतो. क्रीडाखात्याला नफा घरीं न्यावयाचा नसतो. त्याला जिंकावयाचें असतें. म्हणून आलेला प्रत्येक डॉलर प्रतिस्पर्ध्याहून मोठा शिक्षक, मोठी व्यायामशाळा, मोठें क्रीडागृह यांवर खर्च होतो. आणि प्रतिस्पर्धीही तेंच करीत असल्यामुळें दोघेही जेथल्या तेथेंच राहतात. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानें २०२३ सालीं आपल्या फुटबॉल-शिक्षकास मुदतीपूर्वीं दूर केलें, तेव्हां उरलेल्या कराराची भरपाई म्हणून त्याला देणें झालेली रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. न शिकविण्याबद्दल एवढें वेतन जगांत क्वचितच कोणाला मिळालें असेल.

कर्जाची खरी कथा मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील क्रीडागृहाची आहे. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांचें स्मारक म्हणून तें १९२३ सालीं वर्गणींतून उभें राहिलें. दुर्दैवानें त्याची जागा भूकंपाच्या भेगेवरच होती. तें भूकंपांत टिकावें म्हणून २०१० ते २०१२ या काळांत त्याची पुनर्बांधणी झाली, व तिला सुमारें बत्तीस कोटी डॉलर खर्च आला. शेजारच्या व्यायामभवनासह एकूण कर्ज चव्वेचाळीस कोटींच्या घरांत गेलें. उत्तम आसनांचे दीर्घ मुदतीचे हक्क विकून हा पैसा उभा करावा, अशी योजना होती. म्हणजे योस्ट यांचीच जुनी युक्ति. पण आर्थिक मंदीचे दिवस होते, संघही हरूं लागला, आणि अपेक्षेइतके हक्क विकले गेले नाहींत. प्रारंभींचीं अनेक वर्षें केवळ व्याज भरावयाचें, मुद्दल नंतर, अशी त्या कर्जाची रचना होती. त्यांतील शेवटची फेड २११३ सालीं व्हावयाची आहे. अखेरीस २०१८ सालीं या ओझ्याचा सुमारें निम्मा भाग विद्यापीठाच्या मुख्य तिजोरीनें आपल्या शिरावर घेतला. खेळाचें खातें निराळें असलें तरी त्याचें कर्ज घरांतच येतें, हें यावरून सिद्ध झालें.

जेथें मुख्य तिजोरीही अपुरी पडते तेथें विद्यार्थ्याची पावती पुढें येते. व्हर्जिनिया राज्यांतील जेम्स मॅडिसन विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाखात्यासाठीं वर्षाला दोन हजार डॉलरहून अधिक शुल्क घेतलें गेल्याची नोंद आहे. हें शुल्क खेळाडूकडून नव्हे, सर्वांकडून घेतलें जातें. आणि ज्याचें शिक्षण कर्जावर चाललें आहे असा विद्यार्थी त्यासाठींही कर्जच काढतो. म्हणजे संस्थेच्या एका कर्जावर विद्यार्थ्याचें दुसरें कर्ज चढतें. क्रीडाखात्याच्या खर्चाचा किती वांटा अशा शुल्कांतून घ्यावा यावर मर्यादा घालणारा कायदा व्हर्जिनियाला २०१५ सालीं करावा लागला. ज्या रटगर्स विद्यापीठानें १८६९ चा पहिला सामना जिंकला, तें २०१४ पासून धनाढ्य विद्यापीठांच्या गटांत सामील आहे. तरीही त्याच्या क्रीडाखात्याची तूट विद्यापीठाच्या साह्यानें व विद्यार्थ्यांच्या शुल्कानें भरून काढावी लागली आहे.

इतकें सर्व होत असतांना ज्याच्या घामावर हा डोलारा उभा, त्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काहीं देणें नियमबाह्य होतें. हा अन्याय न्यायालयांत गेला. ६ जून २०२५ रोजीं मान्य झालेल्या तडजोडीनें माजी खेळाडूंना सुमारें २८० कोटी डॉलरची भरपाई ठरली. आणि प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षीं आपल्या खेळाडूंना जास्तीत जास्त दोन कोटी पांच लक्ष डॉलर वांटण्याची मुभा मिळाली. खेळाडूंचा हक्क मान्य झाला हें योग्यच झालें. पण क्रीडागृहाचे जुने हप्ते त्यामुळें कमी झाले नाहींत. एक नवा खर्च मात्र त्यांच्या शेजारीं येऊन बसला.

आतां आपल्या प्रांताकडे वळावें. आपल्याकडील खेळाचें अर्थकारण पूर्वींपासून निराळ्या पायावर होतें. गांवच्या जत्रेंत कुस्त्यांचा फड भरतो. त्या वर्षीं जितकी वर्गणी जमली तितकीं इनामें. लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर, आणि नांवाजलेल्या मल्लांची कुस्ती शेवटीं. पीक बुडालें तर फड लहान होतो, पण गांव कर्जांत पडत नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा प्रारंभ १९१४ सालीं झाला, तो आखाड्याच्या याच परंपरेंतून. खेळावयाचें तें शरीर कमावण्यासाठीं; पाहणारा हा पाहुणा, धनी नव्हे, अशी ती दृष्टि होती.

औरंगाबादेंत महाविद्यालयीन शिक्षण आलें तें निजामी अमदानींत. किल्ले अर्काच्या परिसरांतील शासकीय महाविद्यालयाचा उगम १९२३ च्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजांत आहे. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें महाविद्यालय सुरू केलें, तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. पाण्याचा आणि पैशाचा दुष्काळ ज्या प्रदेशाच्या पांचवीला पुजलेला, तेथील खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठीं हीं विद्यालयें निघालीं. त्यांच्यापुढें आधीं वर्ग, मग वसतिगृह, मग ग्रंथालय असा क्रम होता, आणि खेळाच्या वांट्याला मोकळें मैदान व जिमखान्याची ती लहानशी रक्कम आली. तींतून चेंडू, जाळ्या, संघाचा प्रवास आणि दैनिक भत्ता भागवावयाचा. उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या शिक्षणासाठीं विद्यापीठाच्या परिसरांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आहे. पण त्याचा भार सरकारी तिजोरीवर आहे, विद्यार्थ्याच्या पावतीवर नाहीं.

तेव्हां येथील दोष अमेरिकेच्या उलट आहे. तेथें पैसा फार आणि तो थोड्यांवर खर्च होणारा. येथें पैसा थोडा आणि तो कोणावर खर्च झाला हें बहुतेकांस ठाऊक नसणारा. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. पैसे सर्व विद्यार्थी देतात, आणि त्यांतील फार थोडे मैदानावर उतरतात. शुल्क भरणाऱ्या मुलीला संध्याकाळीं खेळण्यास सुरक्षित मैदान मिळतें काय, खेड्यांतून आलेल्या मुलाला खेळाचें साहित्य मागण्याचें धैर्य होतें काय, यावर त्या शुल्काचा न्याय-अन्याय ठरतो. संघानें किती ढाली आणल्या यावर तो ठरत नाहीं.

मोठ्या क्रीडागृहाचा मोह आपल्या प्रांतालाही अपरिचित नाहीं. पुण्याजवळ गहुंजे येथें क्रिकेटसाठीं बँकांच्या कर्जावर क्रीडागृह बांधण्यांत आलें, व २०१२ सालीं तेथें पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. ज्या उद्योगसमूहाचें नांव त्याला मोबदला घेऊन दिलें होतें, त्याच्याकडून ठरलेली रक्कम पूर्णपणें आली नाहीं, आणि नांव उतरवावें लागलें. थकलेल्या कर्जापायीं २०१८ च्या प्रारंभीं बँकांनीं क्रीडागृहाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. ही संस्था क्रिकेटची होती, महाविद्यालयाची नव्हती, एवढेंच समाधान. तिच्या हप्त्यासाठीं कोणा विद्यार्थ्याच्या पावतींत रक्कम वाढविण्याची सोय नव्हती. महाविद्यालयापाशीं ती सोय असते, आणि म्हणूनच महाविद्यालयाचें कर्ज अधिक धोक्याचें असतें.

बर्कलेच्या कर्जाची अखेरची फेड ज्या वर्षीं व्हावयाची आहे, त्या वर्षीं आजच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हयात असण्याचा संभव नाहीं. त्यांचीं नातवंडें-पणतवंडें त्या विद्यापीठांत शिकत असतील, आणि आपल्या पणजोबांनीं कोणते सामने पाहिले हें ठाऊक नसतांना त्यांच्या आसनांचे पैसे भरीत असतील. खेळ हा ज्या दिवशीं खेळला जातो त्या दिवसाचा असतो. त्याचा खर्चही शक्यतों त्याच पिढीनें सोसावा, आणि ज्याच्याकडून पैसा घेतला त्याला त्याचा हिशेब मागतां यावा. संभाजीनगरच्या पालकानें पुढच्या जून महिन्यांत पावती हातीं आल्यावर जिमखान्याच्या रकमेपाशीं क्षणभर थांबून तो हिशेब विचारला, तर महाविद्यालयाचा त्यांत अपमान नाहीं. रक्कम लहान आहे तोंवरच असा प्रश्न विचारणें सोपें असतें.